अपेक्षा : काही नाही

‘घोरणारा नको, हे तू लिहिलंस?’

श्रीदादाने ताटाशेजारचा कागद माझ्याकडे सरकवला. रविवारची दुपार होती. मेधावहिनी आमटी वाढायला आली होती, ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

‘काय नको?’ मी विचारलं.

‘घोरणारा. नवरा. वाच की.’

कागद इंदूकाकू मराठे यांच्या वधूवर मंडळाचा होता. वर माझं नाव, उज्ज्वला वाटवे. मग जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मिरज. इथपर्यंत सगळं माझंच होतं. त्याखाली ‘अपेक्षा’ असा रकाना. नोंदणी केली तेव्हा तो कोरा होता. आता त्यात लिहिलं होतं : घोरणारा नको, किंवा वेगळी खोली असावी. आई माझ्याबरोबर राहील. शिवणाचं मशीन सोबत आणीन. पहिल्या लग्नाचा विषय भांडणात काढू नये. रविवारी उशिरा उठू द्यावं. माझं वाक्य मला पूर्ण करू द्यावं.

‘हे मी कधी…’

‘तू नाही तर काय मी लिहिलं?’ दादा म्हणाला. ‘पहिलं लग्न! तुझं कधी झालं पहिलं लग्न? आणि आई राहील म्हणजे काय? आईला जाऊन वर्षं झाली.’

‘दादा, मी तेच म्हणतेय की…’

‘की चुकून झालं. पण झालं ना! सकाळी जोगळेकरांच्या मामांचा फोन आला. म्हणाले, आम्हाला वाटलं होतं मुलगी समजूतदार आहे.’

वहिनीने पळी खाली ठेवली. ‘जमत आलेलं हो,’ ती म्हणाली, आणि खरोखर तिचे डोळे भरून आले.

जोगळेकर इचलकरंजीचे. मुलाचं सुताचं दुकान, बायको गेलेली, एक मुलगी, आणि अंथरुणाला खिळलेली आई. माणसं वाईट नव्हती. त्यांनी सरळ सांगितलं होतं की नोकरी सोडावी लागेल, आईजवळ दिवसभर कुणीतरी हवं. माझं वय छत्तीस. दादा-वहिनीच्या दोन खोल्यांच्या घरात मी भाचीच्या खोलीत झोपत होते आणि ती आता दहावीला गेली होती. तेव्हा ‘समजूतदार’ या शब्दाचा अर्थ आम्हाला सगळ्यांनाच कळत होता.

मला इचलकरंजीला जायचं नव्हतं. लॅबमध्ये मी अकरा वर्षं काढली होती. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी सरकवली की माझ्या डोक्यातला सगळा गलका थांबायचा. तिथं कुणी मला समजूतदार म्हणत नसे, वाटवे मॅडमना दाखवून घ्या, असं म्हणत. त्यामुळे मामांचा फोन ऐकून मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ते तोंडावर दिसू नये म्हणून मी ताक आणायला उठले.

‘संध्याकाळी काकूंकडे जायचं,’ दादा मागून म्हणाला. ‘हे सगळं पुसून घ्यायचं आणि कोरं पान इचलकरंजीला पाठवायचं. मामा म्हणालेत, चूक झाली असेल तर बघू.’

म्हणजे दार अजून उघडंच होतं. मी ताकाचं भांडं घेऊन आले आणि सगळ्यांना वाढलं.

इंदूकाकूंचं मंडळ गावभागात, त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत. पूर्वी तिथं चपलांच्या खोक्यांमधून कार्डं असायची, उपवर मुलं एका भिंतीला, मुली दुसऱ्या. मग काकूंची सून ऋता घरात आली. ती पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवायची. दिवाळीच्या सुटीत तिने सगळी खोकी रिकामी केली, मंडळासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहिला आणि कार्डं त्यात भरली. माझं कार्डही त्यातच गेलं.

कार्ड भरलं तो दिवस मला चांगला आठवतो. काकूंनी विचारलं होतं, ‘अपेक्षा काय लिहू, उज्ज्वला?’

मी म्हणाले होते, ‘मला एवढंच वाटतं की…’

‘काही नाही हो काकू,’ दादा म्हणाला होता. ‘घर बरं असावं. बाकी तिची काही अपेक्षा नाही.’

तो वाईट हेतूने म्हणाला नव्हता. आईबाबा गेल्यावर माझ्या वतीने तोच बोलायचा. शाळेत, बँकेत, डॉक्टरांकडे. त्याला वाटायचं, ही त्याची जबाबदारी आहे, आणि ती त्याने मनापासून पार पाडली. जाता जाता त्याने काकूंना हळूच असंही विचारलं होतं की जन्मवेळ थोडी पुढे सरकवता येईल का, म्हणजे मंगळाची कटकट जाईल. जुन्या कार्डांवर काकू असले उपकार करत असत. खोडरबराने त्यांनी कितीतरी मंगळ घालवले होते. पण आम्ही निरोप घेत असतानाच ऋता आतून म्हणाली होती, ‘कार्डावर काय हवं ते करा, आई. माझ्या प्रोग्रॅममध्ये एकदा जन्मवेळ गेली की ती बदलणार नाही.’ मग काकूंनीही हात आखडता घेतला.

त्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा खोलीत एक गृहस्थ आधीच बसले होते. चाळिशीचे असावेत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर हेल्मेट आणि हातात तसाच एक कागद. काकूंनी ओळख करून दिली. ‘हे विद्याधर पेठे. वीज मंडळात असतात. आणि हे वाटवे, ही त्यांची बहीण. तुमचीही तक्रारच का?’

‘अहो काकू, तक्रार म्हणजे काय!’ दादाने कागद टेबलावर ठेवला. ‘आमचं ठरत आलेलं लग्न मोडलं. कुणी लिहिलं हे?’

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला. मग पेठ्यांकडे बघितलं. ‘तुमचं काय म्हणणं होतं?’

‘मा… माझ्या पानावर,’ पेठे म्हणाले, ‘शि… शि…’

‘शिक्षण चुकलंय का?’ दादाने विचारलं.

पेठ्यांनी मान हलवली. ‘शि…’

‘शिफारस?’

त्यांनी डोळे मिटले. दादा तिसरा शब्द शोधत होता, तेवढ्यात त्यांचाच शब्द बाहेर आला. ‘शिवणाचं मशीन. सोबत आणीन म्हणे.’

मला हसू आलं. त्यांच्या बोलण्याचं नाही, मशीनचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना तो फरक कळला असावा, कारण तेही हसले. मग मी त्यांच्या कागदावर नजर टाकली. घोरणारा नको, आई राहील, पहिलं लग्न, सगळं माझ्यासारखंच होतं, त्याच क्रमाने.

‘ऋता!’ काकूंनी हाक मारली. ‘तुझ्या मशीनला काय झालंय बघ गं.’

ऋता ओले हात पदराला पुसत बाहेर आली. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘तुमच्या दोघांच्या अपेक्षा आधी कोऱ्या होत्या?’

‘कोऱ्याच,’ दादा म्हणाला.

पेठ्यांनी मान डोलावली. ‘मग नं… नंतर मी फोन केला होता. एक ओळ सांगितली.’

ऋता संगणकासमोर बसली. तिने माझं पान उघडलं आणि अपेक्षांच्या खाली ‘चाचणी’ असा एक शब्द टाकला. मग ते बंद करून पेठ्यांचं पान उघडलं. त्यांच्या यादीच्या शेवटीही ‘चाचणी’ आलं होतं. तिने आणखी एक पान उघडलं, तासगावच्या कुणा शिक्षिकेचं. तिथंही. एकाही पानाला तिने बोट लावलं नव्हतं, माझं सोडून.

‘अरे देवा,’ ती म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला.

‘भूत आहे का काय?’ काकू म्हणाल्या.

‘भूत नाही, आई. मीच आहे.’ ती आमच्याकडे वळली. ‘कार्डं भरताना ज्यांच्या अपेक्षा होत्या, त्यांना मी प्रत्येकी वेगळी यादी दिली. जे कोरे होते, त्यांच्यासाठी एकदाच एक रिकामी यादी केली आणि सगळ्यांना तीच दिली. मला वाटलं, रिकामं ते रिकामंच, प्रत्येकाला वेगळं कशाला? प्रत्येकाला कोरी पाटी द्यायची, तर मी सगळ्यांना एकाच फळ्यासमोर बसवलं. आता एकाने लिहिलं की ते सगळ्यांना दिसतं.’

दादा सहज पटवून घेणारा नव्हता. ‘मग उंची का नाही झाली सगळ्यांची एक? हिची पाच-दोन आहे, आणखीही कुणाची असेलच.’

‘असेल ना. आणि तो आकडा दोघींच्या पानावर एकच असला तरी काही बिघडत नाही,’ ऋता म्हणाली. ‘कारण पाच-दोन हा आकडा स्वतः कधी बदलत नाही. त्या दुसरीची उंची मी दुरुस्त केली, तर तिच्या पानावर दुसरा आकडा येतो. ताईंच्या पानावर पाच-दोन जिथल्या तिथं. यादीचं तसं नसतं. यादी तीच राहते आणि आतून बदलते. जन्मवेळ मी म्हणूनच न बदलणाऱ्या प्रकारात ठेवली. अपेक्षा बदलतात, म्हणून त्या बदलणाऱ्यात ठेवल्या. तिथंच घसरले.’

‘पण एवढ्या ओळी आल्या कुठून?’ मी विचारलं.

याचं उत्तर काकूंनी दिलं. ‘अगं, कोरा रकाना ठेवणारे नंतर फोन करतात. घरच्यांसमोर बोलत नाहीत. मग चार दिवसांनी, दुपारी, हळूच फोन येतो. काकू, एक ओळ घालाल का? मी आपली घालते आणि पान मिटते. वरचं कशाला वाचू?’

मी पुन्हा माझा कागद बघितला. दुपारपासून तो मला कुणाचा तरी आगाऊपणा वाटत होता. आता प्रत्येक ओळीमागे एकेक माणूस दिसायला लागलं. आईला एकटं टाकून जाणार नाही म्हणणारं कुणी. मशीन घेऊन येणारं कुणी. पहिल्या लग्नावरून पुष्कळ ऐकून घेतलेलं कुणी. सगळ्यांनी ‘काही नाही’ म्हणून सांगितलेलं, आणि प्रत्येकाला एकच काहीतरी हवं होतं. मला त्या अनोळखी माणसांची माया आली.

आणि शेवटची, वाक्य पूर्ण करू देण्याची ओळ कुणाची, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

‘सोपं आहे,’ ऋता म्हणाली. ‘प्रत्येकाला स्वतंत्र यादी देते. ज्याची ओळ त्याच्याकडे ठेवते. बाकीच्यांना आई फोन करून विचारतील. तुम्ही इथंच आहात तर तुमचं आत्ताच करू. पेठे, तुमची कुठली?’

‘शे… शेवटची.’

ती ओळ त्यांच्या पानावर राहिली, बाकीच्या गेल्या.

‘आणि तुमची, उज्ज्वलाताई?’

‘तिची काही नाही,’ दादा म्हणाला. ‘कोरं ठेवा आणि एक छापून द्या. इचलकरंजीला आजच पाठवतो.’

ऋताने माझी यादी रिकामी केली. पडद्यावर ‘अपेक्षा’ या शब्दाखाली नुसती पांढरी जागा उरली. दुपारी ताकाला उठताना जे बरं वाटलं होतं, त्यातलं काहीही आता शिल्लक नव्हतं. पान छापलं जाणार, मामांना पोचणार, आणि मग मी समजूतदार ठरणार.

‘मला एवढंच वाटतं की…’ मी म्हणाले.

‘की सगळं आधीसारखं सुरळीत व्हावं,’ दादा म्हणाला. ‘द्या छापून.’

‘थां…’ पेठे म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. त्यांचा चेहरा लाल झाला होता. हेल्मेटवरचा हात घट्ट झाला होता. तो शब्द पूर्ण यायला वेळ लागला, आणि दादाने त्यांना या वेळी मदत केली नाही.

‘थांबा. त्यांचं वा… वाक्य व्हायचंय अजून.’

मला वाटलं, दादा भडकणार. तो भडकला नाही. तो माझ्याकडे वळला आणि एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसा बघत राहिला. ऋताने छापण्यासाठी उचललेला हात खाली घेतला. काकूंनी चष्मा काढला. सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते, आणि मला अशी सवयच नव्हती. माझी वाक्यं पहिल्या तीन-चार शब्दांपर्यंतच तयार असायची. पुढचं कुणीतरी घालणार हे इतकं ठरलेलं होतं की पुढचं बनवायचंच मी सोडून दिलं होतं. त्यामुळे मी गप्प राहिले. बराच वेळ. ती जागा भरायला कुणीही पुढे आलं नाही.

‘मला एवढंच वाटतं की,’ मी पुन्हा सुरुवात केली, ‘मला लॅब सोडायची नाही. इचलकरंजीची माणसं चांगली आहेत, पण मला तिथं जायचं नाही. हे मला पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. आणि मी बोलत असले की समोरच्याने माझं बोलणं संपेपर्यंत थांबावं. झालं.’

‘झालं?’ ऋताने विचारलं.

‘हो. आता झालं.’

तिने पहिलं टाइप केलं, मग दुसरं. तिसऱ्याला ती थबकली. ‘ही ओळ पेठ्यांकडे आहे.’

‘असू दे की. माझ्याकडेही असू दे. पण वेगळी असेल ना?’

‘वेगळी असेल,’ ती म्हणाली. ‘उद्या त्यांनी त्यांची बदलली तरी तुमच्या यादीला धक्का लागणार नाही.’

‘मी नाही ब… बदलणार,’ पेठे म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की हे कुणी विचारलं नव्हतं, आणि ते हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत बसले.

दादाने इचलकरंजीसाठी पान घेतलं नाही. आम्ही स्कूटरवरून विश्रामबागेत घरी आलो. फाटकाशी उतरल्यावर तो म्हणाला, ‘हे आधी का नाही…’ आणि थांबला. तिथून पुढे मी बोलावं म्हणून थांबला. आयुष्यात पहिल्यांदा.

‘सांगत होते रे, दादा.’

त्याने स्कूटर स्टँडला लावली. ती नीट लागली होती. त्याने ती पुन्हा काढली आणि पुन्हा लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘मी मामांना फोन करतो. तू वर जा.’

वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, ‘ते वीज मंडळातले कसे आहेत गं दिसायला?’ आणि माझं उत्तर संपेपर्यंत कणीक मळायची थांबून राहिली. दादाने घरात काहीतरी सांगितलं असावं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पेठे आणि मी एकमेकांना भेटायला लागलो ते लॅबच्या बाहेरच्या चहाच्या गाडीवर. आमच्या गप्पांना फार वेळ लागायचा. त्यांना शब्द सापडायला वेळ लागायचा आणि मला वाक्य. चहा थंड व्हायचा, गाडीवाला कंटाळून दुसरा द्यायचा. लग्न मिरजेत झालं, साधंच. दादाने माझ्या वतीने भाषण करायचं ठरवलं होतं, ते त्याने आयत्या वेळी रद्द केलं आणि माइक माझ्याकडे दिला. मी दोन वाक्यं बोलले. दोन्ही पूर्ण.

लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी ऋताला फोन केला.

‘ऋता, ती घोरण्याची ओळ कुणाची होती गं?’

‘नाव नाही सांगता येणार, ताई. का?’

‘तिला सांग, तिचं अगदी बरोबर होतं. पेठे असे घोरतात की खिडकीची तावदानं वाजतात. माझ्या यादीतून ती ओळ पुसायला नको होती. आता घालता येईल का परत?’

ऋता खूप हसली. ‘नाही येणार. लग्न जमलं की मी पान कायमचं बांधून टाकते, जन्मवेळेसारखं. आता त्यात काही घालता येत नाही.’

‘आणि काढता?’

‘काढताही येत नाही.’

मी आत डोकावून बघितलं. दुपारची वेळ होती, पेठे चटईवर उताणे झोपले होते आणि खोली दणाणत होती. मी दार हळूच ओढून घेतलं.

‘मग राहू दे,’ मी म्हणाले. ‘जे आहे तेवढं पुरे आहे.’